एकही घर न गाळता

“तिच्याकडं नका जाऊ, आजी. ती न्हाई बोलत कुनाशी. इंग्लिश मीडियमची हाय.”

वॉर्डातल्या मावशी हे दबक्या आवाजात म्हणाल्या होत्या, पण लहान मुलांच्या वॉर्डात दुपारी इतकी शांतता असते की कुणी कुशीवर वळलं तरी ऐकू येतं. ओवीच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मी फोनमध्ये काहीतरी वाचत असल्यासारखं करत होते. मान वर केली नाही. तेवढ्यात दुसरा, घोगरा आवाज आला, “मग काय घर गाळू व्हय? पाचवं घर तिचंच येतंया.”

आता बघणं भाग होतं. हिरव्या लुगड्यातल्या एक आजी माझ्यासमोर उभ्या होत्या. कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ. हातात जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण होतं आणि त्यात चमचाभर साखर, थोडे पोहे, एक बिस्किट आणि अर्धं केळं. दारापासून ओळीनं चार खाटा फिरून त्या आमच्यापर्यंत आल्या होत्या. वडूजकडच्या होत्या, त्यांची नात पलीकडच्या भिंतीशी होती, एवढं मला माहीत होतं. त्यांनी झाकण पुढं केलं आणि कसलाही संकोच न करता म्हणाल्या, “आईचा जोगवा, बाई.”

मला वाटलं, त्यांच्याकडं पैसे संपलेत. मी घाईघाईनं पर्स उघडली आणि दहाची नोट झाकणात ठेवली. त्यांनी ती दोन बोटांनी उचलून माझ्या शेजारच्या कपाटावर ठेवली. “पैसा न्हाई चालत माज्या जोगव्यात. खायाचं दे. चिमूटभर.” खिडकीजवळची एक बाई हसली. “तिला काय ठावं जोगवा!” माझे कान तापले. डब्यात काय उरलंय तेही मला सुचेना. तेव्हा सकाळपासून तोंडातल्या फोडांमुळं काही न खाल्लेली आमची चार वर्षांची ओवी उशीला टेकून उठली आणि हातातला, नुसता चाटून ओला केलेला बिस्किटाचा तुकडा तिनं पुढं केला. “माझं घे.”

आजींनी तो झाकणात घेतला, झाकण कपाळाला लावलं. मुलांना हात लावायचा नाही असं सिस्टरनी सांगितलेलं असल्यानं त्यांनी लांबूनच हात वर केला आणि गेल्या.

मी साताऱ्यात वाढले. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हींत कमीत कमी बोलायचं, असा माझा स्वभाव. आईबाबा देवळात गेले की मी बाहेर चपला सांभाळत थांबायचे. देव नाही असं काही माझं मत नव्हतं. आत जाऊन सगळ्यांसमोर हात जोडायची मला लाज वाटायची, इतकंच. आता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते, दिवसभर लिहायचं असतं, बोलावं लागत नाही. ताई माझ्या अगदी उलट. ती लग्न होऊन कडेगावजवळच्या गावात गेली आणि महिन्याभरात तिथली होऊन बोलायला लागली. तिला ओवी झाली, आणि ओवी चार वर्षांची असताना साध्या तापाचं निमित्त होऊन रक्ताचा कॅन्सर निघाला.

डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, लहान मुलांमध्ये हा बरा होतो, पण उपचार लांबलचक आहेत आणि मध्ये खंड पडता कामा नये. सरकारी योजनेतून बरंच झालं. जे त्यात बसत नव्हतं ते बाहेरून आणायचं, तपासण्या बाहेर करायच्या, सांगलीत खोली घेऊन राहायचं. दाजी साखर कारखान्यात फिटर आहेत. ऐन हंगामात त्यांच्या रजा संपल्या आणि मग बिनपगारी सुरू झाल्या. ताईचे सासरे, आबा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या फौजी कार्डावर त्यांचा स्वतःचा इलाज होतो, नातीचा होत नाही. म्हैस विकली, ताईचे दागिने गेले, मी आणि बाबांनी साठवलेलं दिलं. तरी पुढच्या सोमवारी जे औषध द्यायचं होतं ते योजनेबाहेरचं निघालं. आबांनी विहिरीच्या मोटारीजवळचं रान विकायला काढलं होतं, पण गिऱ्हाईक मिळून व्यवहार व्हायला महिना तरी लागणार होता. औषध तेवढं थांबणार नव्हतं.

म्हणून मी मला जमतं ते केलं होतं. मदत गोळा करणाऱ्या एका संकेतस्थळावर इंग्रजीत चांगला मजकूर लिहिला आणि ओवीचा फोटो टाकला. फोटो काढताना एक गोष्ट केली, ती मी अजून ताईलाही धड सांगितलेली नाही. केस गेल्यापासून ओवी एक लाल लोकरीचं टोपडं घालते, झोपेतही काढू देत नाही. ती गुंगीत असताना मी ते काढलं, फोटो घेतला आणि पुन्हा घातलं. मला वाटलं होतं, बघणाऱ्याला लगेच कळायला हवं.

संध्याकाळपर्यंत तो फोटो गावच्या ग्रुपवर पोचला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आबा पहिल्या एसटीनं सांगलीला आले. वॉर्डात न येता त्यांनी मला खाली बोलावलं. पांढरा सदरा, पांढरी टोपी, पाठ सरळ. मोटारसायकली लावायच्या जागेत उभं राहून त्यांनी विचारलं, “फोटू कुनी टाकला?”

“मी.”

“टोपडं काढून?”

मी मान हलवली.

“पोरगी मोठी झाल्यावर बघंल की गं हे. तवा काय सांगायचं तिला? तुझ्या घरच्यांनी तुला उघडी करून दावली म्हनून?” त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. “आजवर या घरानं कुनाम्होरं हात केला न्हाई, पोरी. काढून टाक ते.”

मी तिथंच उभ्या उभ्या ते काढून टाकलं. आलेले पैसे ज्याचे त्याला परत गेले. आबांचं फोटोबद्दलचं म्हणणं खरं होतं, हात न करण्याबद्दलचं मला पटत नव्हतं, आणि यातलं एकही वाक्य मी त्यांच्यासमोर बोलू शकले नाही. बाहेरून आणायच्या औषधाची चिठ्ठी माझ्या मुठीत घामानं मऊ झाली होती. तो दिवस आणि पुढचा दिवस मी फार कडू मनानं काढला. देव असेल तर त्यानं या घराला इतका ताठ कणा आणि मला इतकी बंद जीभ एकाच वेळी का दिली, असं मनात येत राहिलं.

आणि मंगळवारी त्या आजी झाकण घेऊन आल्या.

त्या गेल्यावर थोड्या वेळानं मी व्हरांड्यात पाणी भरायला गेले, तर त्या नळाशेजारच्या कट्ट्यावर बसून झाकणातलं एकेक खात होत्या. ओवीचा तुकडा त्यांनी शेवटी ठेवला होता. मी बाटली भरत राहिले, आणि इतके दिवस कुणाशी न बोललेल्या माझ्या तोंडातून एकदम असभ्य प्रश्न बाहेर पडला. “तुम्हाला लाज नाही वाटत?”

त्या हसल्या. पुढचे दोन दात नव्हते. “वाटती की! लाज वाटती म्हनून तर मागायचं.” मग त्यांनी सरकून मला जागा दिली. “माजी सून बी तेच म्हंती. आत्याबाई, चार एकर बागायत हाय, पोरगं मास्तर हाय, आन तुमी झाकण घिऊन फिरता. म्हनलं, हाय म्हनूनच मागायचं, बाई. मंगळवार-शुक्रवार आईच्या नावानं पाच घरं. आईला नारळ कुनीबी देतंय. आपला तोरा द्यायचा म्हंजी जड जातंय.”

मी विचारलं, मग मावशी नको म्हणत होत्या तरी माझ्याकडं का आलात. त्या म्हणाल्या, “वळीनं घ्यायची घरं. एक बी गाळायचं न्हाई. हे घर चांगलं, ते वंगाळ, असं निवडाय लागलीस की तू मागतच न्हाईस, सौदा करतीस. ती चौथ्या खाटंवरची, सकाळी पंख्यावरनं भांडले तिच्यासंगं, तोंडाला यील ते बोलले. दुपारी तिच्याच म्होरं झाकण धरलं. मला वाटलं आता तोंड फिरवती. तर केळं दिलं अर्धं.” त्यांनी ओवीचा तुकडा तोंडात टाकला. “परडी घरी ऱ्हायली गडबडीत. पर आईला काय, झाकण चालतंय.”

रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी हे ताईला सांगितलं, तेव्हा ती घास हातात तसाच धरून बसली. म्हणाली, “आमच्याकडंपण परडी आहे गं. देवघरात खुंटीला. आबांची आई मागायची जोगवा. सासूबाईंनीपण मागितला, त्या गेल्या आणि मग राहूनच गेलं. मी एकदा विचारलं होतं, तर आबा म्हणाले, आता लोक काय म्हणतील.”

शुक्रवारी मला गावी जायचंच होतं. ओवीचे कपडे आणि रेशनकार्डाची प्रत आणायची होती. विट्यापर्यंत एका एसटीनं, पुढं दुसऱ्या. दोन्ही बाजूला तोडणीला आलेला ऊस, आणि माझ्या मनात एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा जुळवत होते. घरी आबा एकटेच होते. सोप्यात खुर्चीवर बसून रानाची जुनी कागदपत्रं चाळत होते. मी चहा केला, त्यांच्यापुढं ठेवला आणि जुळवलेलं वाक्य विसरून नुसतं म्हणाले, “आबा, परडी द्याल का? ओवीसाठी पाच घरं मागते.”

त्यांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मला वाटलं, पुन्हा मोटारसायकलींच्या जागेतलं बोलणं ऐकावं लागणार. ते उठले, आत गेले. बांबूची ती उथळ टोपली त्यांनी स्वतः खुंटीवरून काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली, तिच्यात हळदकुंकू वाहिलं. मी म्हणाले, मी या घरातली नाही, चालेल का? तर म्हणाले, “आईला लेक पायजे. कुठल्या घरची ते ती न्हाई इचारत.” मग त्यांच्या आईची कवड्यांची माळ माझ्या हातात देऊन, दुसरीकडं बघत विचारलं, “घरं कुटली घेनार?”

“ओळीनं. शेजारापासून.”

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. शेजारचं घर त्यांच्या चुलत भावाचं. बांधाच्या भांडणावरून सात वर्षं दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती. ओवीच्या बारशाला ते आले नव्हते, ओवी आजारी पडल्यावरही आले नव्हते, आणि आबांनी तर जाणाऱ्या-येणाऱ्यानं नातीची चौकशी केली तरी “बरी हाय” एवढ्यावर विषय संपवला होता. मला वाटलं, ते म्हणतील, ते एक घर सोड. आबा म्हणाले, “माजी आई बी गाळायची न्हाई.” आणि चपला न घालता अंगणात उतरले. “चल. मी हाय मागं.”

पन्नास पावलंसुद्धा नसतील. मी ओढणी डोक्यावरून घेतली होती, परडी दोन्ही हातांत धरली होती. दारात पोचले आणि मागं वळून बघितलं. आबांनी टोपी काढून काखेत धरली होती. त्यांना मी उघड्या डोक्यानं कधीच बघितलं नव्हतं. वर पिकलेले, विरळ केस, टोपीच्या कडेची खूण. मी ओवीचं टोपडं तिच्या नकळत काढलं होतं. हा माणूस स्वतःच्या हातानं, भर दिवसा, त्या दारात डोकं उघडं करून उभा होता.

कडी वाजवली. आतून “आले, आले” म्हणत सिंधूकाकी, त्या चुलत भावाच्या पत्नी, बाहेर आल्या. हात पिठानं माखलेले. मला बघून त्या थबकल्या, मग माझ्या खांद्यावरून त्यांनी आबांना बघितलं, आणि त्यांचे हात हवेत तसेच राहिले. नियम साधा होता, मागणाऱ्यानं मागायचं. आणि माझा गळा नेहमीसारखा बंद झाला.

त्या क्षणाविषयी लिहिण्याआधी पुढचं सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याचा जीव ओवीत अडकला असेल.

त्या दिवशी पाच घरांतून परडीत पीठ, तांदूळ, गूळ पडला. पाचवं घर हमीदाचाचींचं, बांगड्यांच्या दुकानाचं आलं. मी दारात घुटमळले, तर आबाच म्हणाले, “माज्या आईचं पाचवं घर हेच असायचं.” चाचींनी पसाभर तांदूळ घातले आणि वर दोन इवल्या लाल बांगड्या ठेवल्या, ओवीच्या मापाच्या. प्रत्येक दारात बायकांनी ओवीचं विचारलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना कुणी खरं उत्तर दिलं. मी दिलं. कोणतं औषध, कधी द्यायचं, रक्त किती वेळा लागतं, ताई कुठल्या खोलीत राहते, सगळं. मला वाटलं होतं, गावानं पाठ फिरवली आहे. गाव दाराबाहेर थांबलं होतं, आणि आतून कडी आम्हीच लावली होती.

रविवारी गावातल्या बायकांची भिशी होती. त्या महिन्याची भिशी सिंधूकाकींच्या नावावर निघाली होती. त्यांनी ती तशीच्या तशी हमीदाचाचींच्या हातून आबांकडं पाठवली, थेट दिली तर परत येईल म्हणून. सोबत निरोप होता, “पिठाच्या संगं मीठ बी लागतंच की, भावजी.” आबांनी ते घेतलं. सोमवारी ठरल्या वेळी ओवीला औषध लागलं. रक्तपेशी द्यायला गावातले आबांचे फौजी मित्र आणि त्यांची मुलं पाळी लावून येऊ लागली. पहिल्या खेपेला जीपमधून उतरताना त्यातला एक जण आबांना म्हणाला, “सुभेदारसाब, पलटनीत असता तर हुकूम सोडला असता न्हवं? मग हितं का गप बसला गड्या?” तिसऱ्या घरच्या वहिनींच्या भावाची सांगलीत एक खोली रिकामी होती, ती ताईला बिनभाड्यानं मिळाली. सगळा खर्च भागला असं नाही. पण उपचारांत खंड पडला नाही, आणि रानही विकावं लागलं नाही.

उपचार अजून चालू आहेत. ओवीचे केस परत आले आहेत, कुरळे, आधी नव्हते तसे. ती बालवाडीत जाते आणि लाल बांगड्या घट्ट व्हायला लागल्या तरी काढू देत नाही. तिला बरं करणारे डॉक्टर आहेत, औषधं आहेत, हे मला कळतं, आणि त्यांचे उपकार मी विसरत नाही. जोगव्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्या आजींना प्रसाद द्यावा म्हणून वॉर्डात गेले, तर भिंतीजवळच्या खाटेवर दुसरंच मूल होतं. त्यांच्या नातीला पुण्याला हलवल्याचं मावशींनी सांगितलं. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. ती मुलगी कशी आहे हे मला आजही माहीत नाही. देवापुढं उभी राहते तेव्हा ओवीच्या आधी तिच्यासाठी हात जोडते. आता मी चपला बाहेर ठेवून आत जाते.

मी त्या शुक्रवारी मदत मिळावी म्हणून गेले नव्हते, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मनात ते होतंच. पण त्या दारात उभी राहिल्यावर मनातलं सगळं गळून गेलं. काय मिळेल, कोण काय म्हणेल, दार लावून घेतलं तर काय करायचं, यातलं काहीच माझ्या हातात उरलं नाही. हातात फक्त रिकामी परडी होती आणि ती पुढं करायची होती. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं, शांत, डोळे मिटून करायचं असतं असं मला वाटायचं. मला ते डोळे उघडे ठेवून, दुसऱ्याच्या उंबऱ्यासमोर भेटलं. आई परडीत पीठ घालायला आली नव्हती, ते काकींनी घातलं. पण माझा गळा तिनं मोकळा केला, असं मी मानते. त्यासाठी माझ्याकडं पुरावा नाही आणि तो शोधायची इच्छाही नाही.

तर, त्या दारात. सिंधूकाकींच्या बोटांवरचं पीठ उंबऱ्यावर झडत होतं. मागं आबांचा श्वास ऐकू येत होता. मी परडी पुढं केली. वॉर्डातल्या आजींसारखं, पाचही खाटांना ऐकू जाईल असं बोलायचं ठरवलं होतं, पण पहिला आवाज फाटलाच. मग दुसऱ्यांदा श्वास घेतला, काकींच्या डोळ्यांत बघितलं, आणि म्हणाले,

“आईचा जोगवा वाढा, काकी. आपल्या ओवीसाठी.”